माझी गाडी बिनविम्याची नव्हती

९ डिसेंबर २०२४, सोमवार. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार दिवस झाले होते आणि तिला तपासणीसाठी बडोद्याच्या दांडिया बाजारात डॉक्टरांकडे नेत होते. सुरसागरच्या कडेनं वळले तोच हवालदारानं हात केला. लायसन्स बघितलं, गाडीचा नंबर मशीनमध्ये टाकला. "बेन, आमां तो वीमो पूरो थई गयेलो बतावे छे." म्हणजे यात विमा संपलेला दिसतोय.

मी फोनमधली पॉलिसी उघडून दाखवली. पहिल्या पानावर वरच ११ ऑगस्ट २०२४ ही तारीख होती. मशीनमध्येही तीच. मागे हॉर्न सुरू झाले, काळ्या चष्म्याआडून आई सारखी "काय झालं गं?" विचारत होती. तिथे उभ्या उभ्या मला नीट समजावून सांगता आलं नाही. मेमो, म्हणजे दंडाचं चलान, घेतला आणि निघाले. मोटार वाहन कायद्याचं कलम १९६, म्हणजे विमा नसलेली गाडी चालवणं.

संध्याकाळी दादाला फोन केला. तो म्हणाला, "दोन हजारांसाठी कशाला हेलपाटे घालतेस? भरून टाक." आमच्या सोसायटीतही सगळे हेच म्हणाले. पण दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. कायद्यात या कलमाला पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. पुन्हा तोच गुन्हा नोंदला गेला की दंड ४,००० होतो. म्हणजे जो गुन्हा मी केलाच नाही, तो माझ्या नावावर पहिला म्हणून कायमचा लागला असता.

आणि खरं कारण पैशाचं नव्हतंच. १९९४ साली माझ्या मामाला पादऱ्याच्या रस्त्यावर एका टेम्पोनं उडवलं. टेम्पोचा विमा नव्हता. मोटार अपघात न्यायाधिकरणानं भरपाईचा आदेश दिला, पण विमा कंपनीच नाही म्हटल्यावर ती मालकाच्या खिशातून यायची, आणि त्याच्या खिशात काही नव्हतं. कधी तीनशे, कधी दोनशे, मग तेही बंद. मामीनं फॉल-बिडिंग आणि ब्लाऊज शिवून दोन्ही मुलांना शिकवलं. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा विमा, कशासाठी असतो, हे मी कागदावर वाचायच्या आधी मामीच्या शिलाई मशीनवर पाहिलंय. त्यामुळे 'बिनविम्याची गाडी' हे शब्द माझ्या नावापुढे राहू देणं मला शक्य नव्हतं.

रात्री फाईल काढून बसले. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी हिशेब बघते, तारखा पडताळणं हे रोजचंच काम. माझी कार ऑगस्ट २०२३ ची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला तीन वर्षांचा आणि नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा, ज्याला ओडी म्हणतात, तो मात्र एका वर्षाचा घेता येतो. माझ्या पॉलिसीत दोन्ही मुदती वेगवेगळ्या छापल्या होत्या: ओडी ११ ऑगस्ट २०२४ पर्यंत, थर्ड पार्टी ११ ऑगस्ट २०२६ पर्यंत. पहिलं वर्ष संपल्यावर ओडी मी दुसऱ्या कंपनीकडून घेतला होता. त्या पॉलिसीवरसुद्धा पहिल्या कंपनीचा थर्ड पार्टी पॉलिसी नंबर आणि २०२६ ची तारीख स्वच्छ लिहिलेली आहे. कायदा सक्तीचा करतो तो थर्ड पार्टी विमा. तो एक दिवसही तुटलेला नव्हता.

गाड्यांची नोंद दाखवणारं सरकारी एमपरिवहन अ‍ॅप उघडलं तर तिथेही विमा ऑगस्ट २०२४ लाच संपलेला. लगेच स्क्रीनशॉट घेऊन ठेवला. हे फार कामाला आलं, कारण नोंद दुरुस्त झाल्यावर आधी ती चुकीची होती याचा पुरावा दुसरा कुठलाच राहिला नसता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून पहिल्या कंपनीच्या शाखेत गेले. तिथल्या मुलीनं नोंद काढून बघितली आणि सरळ कबूल केलं की त्यांच्याकडून पुढे ओडीची तारीख गेली होती. कंपन्या पॉलिसीची माहिती विमा माहिती ब्युरोकडे पाठवतात, तिथून ती गाड्यांच्या नोंदीच्या 'वाहन' नावाच्या सरकारी प्रणालीत येते आणि हवालदाराच्या मशीनमध्ये दिसते. "करेक्शन टाकते, आठवड्यात होईल," ती म्हणाली. मी तिला म्हटलं, मला नुसतं करेक्शन नको, पत्र हवंय. आजपासून विमा बरोबर दिसून माझं काय होणार? ९ डिसेंबरला तो चालू होता, हे लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. तीन फोन आणि दोन ईमेलनंतर १८ तारखेला पत्र मिळालं. कोणी अशा फेऱ्यात सापडलं, तर आधी हे पत्र मागा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १३९ वा नियमही वाचला. मागितल्यावर कागद जवळ नसतील, तर साक्षांकित उतारे १५ दिवसांत रजिस्टर पोस्टानं पाठवता येतात. आणि २०१८ च्या दुरुस्तीपासून फोनमधला कागदही चालतो. म्हणून वाट न बघता १९ तारखेला रावपुऱ्याच्या हेड पोस्टातून रजिस्टर एडीनं वाहतूक पोलिसांच्या कार्यालयाला सगळा संच पाठवला: मेमो, दोन्ही पॉलिसी, स्क्रीनशॉट, पत्र आणि गुजरातीत लिहिलेला दीड पानी अर्ज. दोन्ही मुदतींच्या ओळी पिवळ्या पेनानं रंगवल्या होत्या.

पोच आल्यावर कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसानं कागद न उघडताच "भरी दो ने, बेन" म्हटलं. मी हलले नाही. साहेबांना भेटायचंय म्हणाले आणि बाकावर बसून राहिले. पावणेदोन तासांनी साहेबांनी आत बोलावलं. त्यांनी पत्र वाचलं, पिवळ्या ओळीवर बोट ठेवून दोनदा तारीख बघितली आणि विचारलं, "आ त्रण वरसवाळो छे?" हा तीन वर्षांचा आहे का? हो म्हटलं. त्यांनी मेमो रद्द करण्याचा शेरा मारला, आणि पुढच्या आठवड्यात ऑनलाइन पाहिलं तर माझ्या गाडीवर काहीच बाकी नव्हतं.

काल खालच्या मजल्यावरच्या काकूंना हे सगळं सांगत होते. त्यांची गाडीही त्याच वर्षीची, विमाही त्याच कंपनीचा. त्यांच्या फोनवर अ‍ॅप उघडून नंबर टाकला. पॉलिसीत २०२६, अ‍ॅपमध्ये २०२४. सोमवारी सकाळी दहा वाजता आम्ही दोघी शाखेत जाणार आहोत.