शंभराच्या पानावर एकशे एक ओळी

सपोर्टच्या ताईंचा दुपारी स्क्रीनशॉट आला. “अरे, या गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले गेलेत का? लॉगमध्ये तीच ओळ दोनदा दिसतेय.” लॉग म्हणजे सिस्टीममध्ये काय, कधी घडलं याची नोंदवही. वेळ मिलिसेकंदापर्यंत तीच, रिक्वेस्ट आयडी (प्रत्येक विनंतीचा वेगळा क्रमांक) तोच. एक ओळ पहिल्या पानाच्या तळाला, दुसरी दुसऱ्या पानाच्या डोक्यावर.

मी न बघताच कारण ठोकून दिलं: नवीन ओळी वरून येत राहतात, तुम्ही पान उलटेपर्यंत जुन्या खाली सरकतात. यात खोटं काही नाही, चालू लॉगमध्ये असं होतंच. ताईंचं उत्तर: “हा कालचा लॉग आहे.”

मग मुकाट्याने ओळी मोजल्या. पानावर १०० हव्यात, होत्या १०१. आमचे लॉग रेडिस या डेटाबेसच्या लिस्टमध्ये असतात. तिथे क्रमांक ० पासून सुरू होतात आणि ‘इथून इथपर्यंतच्या ओळी दे’ सांगणारी एलरेंज कमांड दोन्ही टोकं धरते. ० ते १०० मागितलं की १०१ ओळी येतात. (१० ते १३ तारखेची रजा टाकून ‘तीनच दिवस’ म्हणावं, तसं.) पुढचं पान १०० ते २००, म्हणजे १०० क्रमांकाची ओळ दोन्हीकडे. पायथन भाषेत यादीचा तुकडा काढणारं स्लाइस शेवटचं टोक सोडतं, त्या सवयीने कुणीतरी लिहिलं असणार. कोड तपासणाऱ्या आमच्या टेस्टमध्ये ओळी होत्या ३०. दुसरं पान कधी उघडलंच नव्हतं.

शेवटच्या टोकातून १ वजा केला, डिप्लॉय केलं, म्हणजे नवा कोड चालू सिस्टीमवर चढवला, आणि चहाला गेलो. परत आलो तर ‘पुढचं पान’ हे बटणच गायब!

मेख कोडमध्ये थोडी खाली होती. ‘१०० पेक्षा जास्त ओळी आल्या तरच बटण दाखव.’ म्हणजे ती जादा ओळ मुद्दामच मागवलेली. पुढे काही आहे का हे त्याच फेरीत कळतं, एकूण ओळी वेगळ्या मोजाव्या लागत नाहीत. युक्ती झकास, फक्त बघून झाल्यावर ती ओळ कापायची राहिली होती. गिट ब्लेम केलं, म्हणजे हा कोड कुणी लिहिला ते पाहिलं. नाव माझंच, दोन वर्षांपूर्वीचं.

मघाची १ची वजाबाकी काढून टाकली. १०१ मागवायच्या, बटणाचं ठरवायचं, पाठवताना पहिल्या १०० ठेवायच्या. टेस्टमध्ये ०, ९९, १००, १०१ आणि २०० ओळी घातल्या. नेमक्या १०० असतील तर बटण दिसता कामा नये; १०१ असतील तर दुसऱ्या पानावर एकच ओळ.

ताईंना हे सगळं रंगवून सांगायला गेलो. त्यांनी मध्येच थांबवलं, “म्हणजे पैसे एकदाच कापलेत ना?”

हो, एकदाच.