‘व्यवसाय’ या रकान्यासमोर

प्रभादेवीत अकरा वर्षे मी कबड्डीत डावा कोपरा सांभाळला आणि त्यांपैकी सहा वर्षे एका संस्थेच्या संघातून, करारावर, मानधन घेऊन खेळलो. गुडघ्याचे लिगामेंट दुसऱ्यांदा फाटले आणि करार वाढला नाही. तेव्हा मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि बी.कॉम.चे शेवटचे वर्ष राहिलेले होते.

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, हे आम्हाला शाळेपासून पाठ असते. मात्र प्रमाणपत्राची पडताळणी झाली तरी लेखी परीक्षा चुकत नाही, हे ठाऊक असूनही मी पुस्तक उघडले नव्हते. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव पुढे १९५५ मध्ये फौजदार झाले, हा दाखला मंडळात नेहमी दिला जाई. पदकामागोमाग नोकरी चालत येते, हा सोयीचा अर्थ माझा. खरे सांगायचे तर, अभ्यासाला बसणे मला खेळाशी बेइमानी वाटत असे.

फिजिओथेरपिस्टने मला एका क्रीडा मानसशास्त्रज्ञाकडे पाठवले. त्यांनी ब्रिटन ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या, खेळाडू म्हणून असलेली ओळख मोजणाऱ्या प्रश्नावलीची सात विधानांची आवृत्ती भरून घेतली. माझे ४९ पैकी ४७ गुण आले आणि मला, सवयीने, आनंदच झाला. मग त्यांनी कबड्डीचा उल्लेख न करता स्वतःविषयी पाच ओळी लिहायला सांगितल्या. वीस मिनिटांत मी नाव, पत्ता आणि रक्तगट लिहिला.

‘संघभावना, नेतृत्व तुमच्याकडे आहेच’ अशी समजूत घालणारे पुष्कळ भेटले. त्याचा मला उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो दादरच्या टॅलीच्या, म्हणजे संगणकावर हिशेब ठेवण्याच्या, वर्गाचा, जिथे मला कोणी ओळखत नव्हते आणि शेजारचा मुलगा मला काका म्हणत असे. बँकेत भरलेली रोकड मी आठवडाभर पेमेंटमध्ये टाकत राहिलो. ती कॉन्ट्रा व्हाउचरमध्ये, म्हणजे स्वतःच्याच रोकड आणि बँक खात्यांतल्या देवघेवीच्या नोंदीत, एफ-४ दाबून नोंदवायची असते. ही चूक सुधारताना, आपण इथे कच्चा लिंबू आहोत, हे लाज न वाटता मान्य करण्याची माझी पहिलीच वेळ होती.

पुढे राहिलेले विषय सोडवले आणि एका लेखापालांकडे नोकरीला लागलो. दोन वर्षांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरली, तेव्हा ३६ गुण आले. बहुतेक मित्र खेळाडू असल्याच्या विधानापुढे मात्र अजूनही सातपैकी सात गुण आहेत; संध्याकाळी सहानंतर मी मंडळाच्या मैदानावरच असतो, गुणलेखकाच्या टेबलापाशी.