तुम्ही विचारलंत म्हणून: रिसेप्टरचा आकार आता संगणकच सांगतो, मग तुमचं काम काय उरलं?

मी पेशींवरच्या रिसेप्टरांवर, म्हणजे बाहेरचा संदेश आत पोचवणाऱ्या प्रथिनांवर, काम करते म्हटलं, की हल्ली पुढचा प्रश्न ठरलेला. आल्फाफोल्ड हे संगणकाचं सॉफ्टवेअर प्रथिनांचे आकार सांगतं, ते घडवणाऱ्यांना २०२४ चं नोबेल मिळालं, मग तुम्ही प्रयोगशाळेत अजून काय करता? प्रश्न रास्त आहे.

दम्याचा पंप तुम्ही पाहिला असेल. त्यातलं साल्बुटामॉल श्वासनलिकेच्या स्नायूंवरच्या बीटा-२ रिसेप्टरच्या खोबणीत जाऊन बसतं, स्नायू सैलावतात, श्वास मोकळा होतो. रक्तदाबावर देतात ते प्रोप्रानोलॉलही त्याच खोबणीत बसतं, पण त्याने दमेकऱ्याला उलट धाप लागू शकते. जागा एक, परिणाम विरुद्ध! खोबणीचा आकार कळून एवढंच समजतं, की दोन्ही औषधं तिथे मावतात. बसल्यावर रिसेप्टर कसा हलतो, ते वेगळं पाहावं लागतं.

आणि ते पाहणं महाकठीण. ब्रायन कोबिल्का आणि रॉबर्ट लेफ्कोविट्झ या शास्त्रज्ञांच्या गटाने या रिसेप्टरचं जनुक १९८६ मध्ये मिळवलं. त्याची रचना दिसायला २००७ उजाडलं. हे प्रथिन पेशीच्या स्निग्ध आवरणातून सात वेळा आरपार गेलेलं असतं. आवरणातून काढलं, की ते टिकत नाही. त्यात सतत हलतं, म्हणून स्फटिक धरत नाही, आणि स्फटिक नसेल तर रचना टिपणाऱ्या क्ष-किरणांचा उपयोग नाही. शेवटी त्याचा एक डळमळीत भाग काढून तिथे लायसोझाइम हे घट्ट बांध्याचं प्रथिन जोडलं, तेव्हा कुठे स्फटिक जमले.

तरी तो रिसेप्टर निष्क्रिय अवस्थेतलाच होता. संदेश आत नेणाऱ्या जी-प्रथिनासकट तो सक्रिय अवस्थेत दिसला २०११ मध्ये. ती जोडी सुटू नये म्हणून लामा या उंटाच्या कुळातल्या प्राण्याच्या प्रतिपिंडाचा तुकडा वापरला होता. ते चित्र मला आजही थक्क करतं. औषधाच्या खोबणीत फरक जेमतेम एक-दोन अँगस्ट्रॉमचा, आणि पेशीच्या आतल्या टोकाला सहावी हेलिक्स (आरपार गेलेल्या सात सर्पिल दांड्यांपैकी सहावा) तब्बल १४ अँगस्ट्रॉम बाहेर सरकलेली. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

आल्फाफोल्ड शिकलं ते अशाच प्रयोगांतून मिळालेल्या रचनांवर. मी ते आनंदाने वापरते, पण बहुतेक वेळा ते एकच अवस्था दाखवतं. एनएमआरच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात अणूंचे संकेत टिपणाऱ्या तंत्राच्या, प्रयोगांत मात्र दिसलं, की औषध बसल्यावरही बीटा-२ एका जागी थांबत नाही. निष्क्रिय, अधलीमधली, सक्रिय अशी त्याची ये-जा चालूच राहते आणि जी-प्रथिन येऊन चिकटल्यावरच तो सक्रिय अवस्थेत स्थिरावतो. बीटा-२ च्या घराण्यातले सुमारे ८०० प्रकारचे रिसेप्टर आपल्या शरीरात आहेत आणि आजच्या औषधांपैकी जवळपास एक तृतीयांश त्यांच्यावरच काम करतात. कुठलं औषध त्यांना कोणत्या अवस्थेत किती वेळ ठेवतं, हे मोजण्यात आमचे दिवस जातात.