माटवी सगळ्यांची, आरती ज्याची त्याची

मुलांना धर्माबाबत मोकळीक द्यायची म्हणून घरात तो विषयच काढायचा नाही, ही चूक शिकल्यासवरल्या घरांत सर्रास होते. ज्याची ओळखच नाही त्यातलं पोर निवडणार काय? सगळं जवळून दाखवा, फक्त 'नको' म्हटल्याबद्दल शिक्षा नको.

आपल्याकडे कोकणात कसोटी लागते ती गणेशचतुर्थीला. घर भरलेलं, मुंबईकर आलेले, आणि बारा वर्षांचं पोर म्हणतं, मी आरतीला उभा राहणार नाही. इथे काम आणि श्रद्धा वेगळी काढायची. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची रानफुला-फळांची चौकट, बांधणं हे घरातलं काम, त्यातून कुणाचीच सुटका नाही. रानातून हरणं, कवंडळं, शेरवडं अशी रानफुलं-रानफळं आणायची. नारळ, सुपारीचा घोस, तवसं (काकडी) टांगायचं. जड वस्तू दोन्ही टोकांना सारख्या बांधायच्या, नाहीतर माटवी एका अंगाला कलते. माटवीतली कळलावी विषारी, ती हाताळल्यावर हात धुवायला लावा. आरतीला यायचं की नाही, हे मात्र त्याचं त्याने ठरवावं. नाही आला तरी मोदक सगळ्यांबरोबरच मिळाला पाहिजे. आरती चालू असताना थट्टा नाही, मोबाइलचा आवाज नाही, एवढ्याच अटी. आणि आजीला हे आईबापांनी आदल्या दिवशी सांगावं. भर आरतीत पोराला तोंडघशी पाडू नये.

देवाला पाकळ्या चिकटवून, कुठली आधी पडते त्यावरून त्याचं उत्तर घ्यायचं, तो कौल. त्याबद्दल मुलं हमखास विचारतात: उजवी पाकळी पडली म्हणजे देव खरंच 'हो' म्हणाला? उत्तर देऊ नका, वरवंटा द्या. तो उभा धरून जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या डाव्या-उजव्या बाजूला चिकटवायच्या, आधी कुठली सुटते ते वहीत लिहायचं, असं वीस वेळा. मग एकीला पाणी कमी, एकीला जास्त. एक मोठी, एक लहान. पाणी सुकलं की पकड सुटते, हे त्यालाच दिसेल. गावकरी त्या कौलावर भांडण का मिटवतात, हा निराळा प्रश्न. तो गुरवाला किंवा मानकऱ्याला नीट विचारू द्या. देवळात जाऊन फुशारकी मारायला हा प्रयोग नाही.

सगळ्यात जास्त नुकसान भीती करते. 'राखणदार (गाव राखणारा देव) बघतोय' म्हणून अभ्यासाला बसवलेलं पोर पुढे श्रद्धाही धड ठेवत नाही आणि प्रश्नही विचारत नाही. दहावीच्या निकालासाठी परस्पर नवस बोलू नका. बोललात तर तुम्हीच फेडा. देव मानणाऱ्या पोराला 'अडाणी' म्हणणारा नास्तिक बापही याच पंगतीतला.

शाळेचं म्हणाल तर घटनेचं कलम २८(३) आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत संमतीशिवाय धार्मिक शिक्षण वा उपासनेची सक्ती करता येत नाही. अल्पवयीन मुलाची संमती पालक देतात. म्हणून सही करण्याआधी ज्याच्यासाठी करताय त्याला विचारा.

उत्तराची घाई मात्र करू नका. ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं येवल्यात १९३५ साली जाहीर केलं आणि दीक्षा घेतली १९५६ साली, नागपुरात. मध्ये एकवीस वर्षं गेली. यंदा आरती म्हणणारा आणि पुढल्या वर्षी न म्हणणारा पोरगा गोंधळलेला असेलच असं नाही. पुढच्या चतुर्थीला पुन्हा विचारायचं, आदल्या दिवशी, नारळ सोलता सोलता.