काठी, ओळंबा आणि पाऊण वाजता

"दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो," असं सातवीत मी वर्गात ठणकावून सांगितलं होतं. भूगोलाच्या सरांनी चूक म्हटलं नाही. गवंड्याकडून ओळंबा आणला, पटांगणामागच्या सपाट कातळावर मीटरभर काठी उभी केली आणि सावलीच्या टोकाला खडूने खुणा करायला मलाच उन्हात बसवलं. तारीख 21 मार्च, म्हणजे सूर्य विषुववृत्तावर असतो तो दिवस. सगळ्यांत आखूड सावली पडली ती पाऊण वाजायच्या बेताला. भारताचं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाच्या वेळेवर चालतं, आपली रत्नागिरी 73 च्या जरा पुढे. तेवढा उशीर व्हायचाच. आणि डोक्यावर कुठला! सावली चांगली तीस सेंटिमीटर, उत्तरेला. म्हणजे सूर्य क्षितिजापासून 73 अंशांवर. नव्वदातून वजा केले, उरले 17. "हा तुझ्या गावाचा अक्षांश," सर म्हणाले.

22 डिसेंबरला तीच सावली 85 सेंटिमीटर भरली. सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, 8 मे आणि 5 ऑगस्टच्या आसपास. पहिला दिवस सुट्टीत, दुसरा पावसात! मेमध्ये सर बोलावायचे, तेव्हा आंबे उतरवायचं काम टाकून आम्ही आठ-दहा जण पळायचो. सावली काठीच्या बुडाशी गोळा झालेली पाहिली की उगाच ओरडायचो. ऑगस्टची सावली मात्र शाळा सुटेपर्यंत एकदाही दिसली नाही.

पुढे मर्चंट नेव्हीत गेलो. पहिल्याच जहाजावर हातात सेक्स्टंट, म्हणजे सूर्याची उंची मोजायचं यंत्र, आलं. दुपारी सूर्य चढायचा थांबतो त्या क्षणी त्याची उंची मोजायची, ती नव्वदातून वजा करायची, त्या दिवसाची सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते, हिशेबात धरायची, की जहाजाचा अक्षांश मिळतो. बाकीचे कॅडेट कोष्टकं घोकत होते. मला कातळावरची काठी दिसत होती. डिसेंबरात रॉटरडॅमला सूर्य जेमतेम 15 अंश चढला. आपली काठी तिथे असती तर सावली पावणेचार मीटरच्या वर गेली असती.

जूनमध्ये डर्बनला पोचलो. सवयीने दक्षिणेला वळलो, तर सूर्य पाठीमागे, उत्तरेला! त्याच रात्री सरांना पत्र लिहिलं: इथे भरदुपारी सावली दक्षिणेला पडते.

दोन महिन्यांनी घरी आलो तेव्हा सरांचं पोस्टकार्ड येऊन पडलं होतं. एकच ओळ: "किती लांब, ते लिहिलं नाहीस."