आमची वाटचाल : वजनाच्या काट्यापासून तासांच्या वहीपर्यंत

तांब्या-पितळेची भांडी घडवण्याचा आमचा व्यवसाय वडिलांनी सुरू केला, आणि स्टेनलेस स्टीलने बाजार व्यापल्यानंतरही तो तगला याचे श्रेय आमच्या जुन्या कारागिरांना आहे. मात्र तेच ते घाट घडवून ही मंडळी कंटाळली होती आणि त्यांची मुले या कामाकडे फिरकत नव्हती. अशा वेळी एका तरुण शिल्पकार मुलीने काही महिने कारखान्यात राहून काम करण्याची परवानगी मागितली. आम्ही ती दिली, त्यामागे कलाप्रेमापेक्षा नव्या मालाची आशा अधिक होती, हे सांगायला संकोच वाटत नाही.

तिचा हात बसला होता तो पोलादावर. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले की कडक होते. तांबे मात्र बुडवले तरी मऊच राहते, आणि त्याला कडकपणा येतो तो थंडपणी ठोकल्याने. सुमारे १.२ मिलिमीटर जाडीचा, म्हणजे १८ गेजचा पत्रा ठोकत गेल्यास तो हळूहळू दाद देईनासा होतो आणि तरीही रेटल्यास कडेला चीर जाते. म्हणून मधूनमधून मंद लाल होईपर्यंत तापवून त्याला पुन्हा नरम करावे लागते. ही वेळ आमचे ज्येष्ठ कारागीर आवाजावरून ओळखतात. ठोक्याचा बद्द आवाज खणखणीत होऊ लागला की ते म्हणत, ‘‘ताई, पत्रा ओरडायला लागला, भट्टीला द्या.’’ मोजमापांसह नेटके रेखाटन घेऊन आलेल्या त्या मुलीने काही आठवड्यांतच कागद बाजूला ठेवला आणि पत्रा कुठवर ओढला जाईल हे आधी काकांना विचारून मग आकार ठरवू लागली.

खरा वाद झाला तो झिलईवरून. भट्टीतून निघालेल्या तांब्यावर काळी खपली धरते. ती आम्लाने काढून भांडे लखलखीत केल्याशिवाय कारखान्याबाहेर जाऊ द्यायचे नाही, अशी आमची शिस्त, तर तिला भट्टीचाच रंग ठेवायचा होता. कारागिरांच्या दृष्टीने हे अर्धवट काम होते आणि त्यांचा राग मला समजत होता. तोडगाही त्यांच्यातल्याच एकाने काढला. तांबे लाल असतानाच पाण्यात टाकल्यास वरची काळी खपली बरीचशी झडते आणि खालचा विटकरी थर चिकटून राहतो. तो तसाच ठेवून वर मेणाचा हात द्यावा, असे त्याने सुचवले. त्या मालिकेतील सर्वांत देखणी कामे याच रीतीने झाली, आणि त्यांवर दोघांचीही नावे कोरावीत हा आग्रह तिचा होता.

व्यवहाराची बाजू आम्ही आधीच लेखी ठरवली होती. आमच्याकडे मजुरी नगावर मिळते; प्रयोगात गेलेल्या दिवसाचे नग निघत नाहीत, त्यामुळे त्या काळात कारागिरांना पूर्ण रोज देण्याचे ठरले. अशा उपक्रमांत कलाकाराला मानधन मिळते आणि कारागिराचा वेळ फुकट धरला जातो, हे मला मुळीच पटत नाही.

या रोजासाठी तासांची वही ठेवावी लागली, आणि धंद्याला वळण मिळाले ते त्या वहीमुळे. आजवर आम्ही वजनावर भाव लावून त्यात घडणावळ मिळवत आलो. वही पाहता असे दिसले की, हलक्या पण खोल घाटाच्या भांड्याला जाड, सपाट परातीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो आणि वजनाच्या हिशेबात त्याची किंमत मात्र कमी भरते. आता विशेष मागणीच्या कामाचे दरपत्रक आम्ही तासांवर काढतो. काही जुने व्यापारी यामुळे दुरावले. शिल्पांची विक्रीही माफकच झाली, पण त्यांतून सुचलेले दिव्यांचे घुमट आज नियमित मागणीत आहेत आणि कराराप्रमाणे त्यांतला वाटा शिल्पकाराला व घडवणाऱ्याला जातो.

पुढच्या निवासी कलाकाराच्या निवडीसाठी दोन ज्येष्ठ कारागीर मुलाखतीला बसले होते. त्यांनी उमेदवारांच्या चित्रांच्या फायली चाळल्या आणि मग प्रत्येकाच्या हातात हातोडा व पत्र्याचा तुकडा दिला.