सहा दिवस टिकलेला निकाल

खटला न चालवता माणसाला डांबून ठेवण्याचा विषय निघाला की आज ग्वांतानामोचे, म्हणजे क्युबातील अमेरिकी लष्करी तुरुंगाचे, नाव आधी येते. परंतु अशा स्थानबद्धाने न्यायालयापुढे नेमके काय मागायचे, हा प्रश्न मुंबई इलाख्यातील केशव तळपदे यांच्या प्रकरणात १९४३ साली दिल्लीच्या फेडरल कोर्टापुढे, म्हणजे तेव्हाच्या भारतातील सर्वोच्च न्यायालयापुढे, आला होता, आणि त्याची आठवण आपल्याकडेही फारशी उरलेली नाही.

ऑगस्ट १९४२ नंतर गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये आणि काँग्रेस कार्यकारिणीचे बहुतेक सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात, असे सारेच विनाखटला बंदिस्त होते. सरकारच्या हाती १९३९ चा भारत संरक्षण कायदा आणि त्याखालचा नियम २६ होता. ज्याच्याविषयी वाजवी संशय आहे त्याला स्थानबद्ध करण्यासंबंधी नियम करावेत, असे कायदा सांगत होता. नियमात मात्र सरकारची खात्री पटली म्हणजे पुरे, असे लिहिले गेले. हा फरक किरकोळ नव्हे, कारण संशय वाजवी आहे की नाही हे न्यायाधीशाला तपासता येते, सरकारची खात्री तपासायला तो जाणार कुठे?

इंग्लंडमध्ये लिव्हरसिज नावाच्या स्थानबद्धाच्या खटल्यात हाच पेच नोव्हेंबर १९४१ मध्ये सुटला होता, आणि तो सरकारच्या बाजूने. तिथे नियमातच ‘वाजवी कारण’ हे शब्द असूनही हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पाचपैकी चार न्यायमूर्तींनी गृहमंत्र्याला वाटले तेवढे पुरे मानले. एकट्या लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी विरोध नोंदवला. (ज्यांच्या सहीने लिव्हरसिज अटकेत गेला ते गृहमंत्री सर जॉन अँडरसन पूर्वी बंगालचे गव्हर्नर होते, हे मला तरी निव्वळ योगायोगाचे वाटत नाही.) तरीही इंग्लंडमधील स्थानबद्धाला सल्लागार समितीपुढे आपले म्हणणे मांडता येत असे, नियम २६ खाली तेवढीही सोय नव्हती.

या पार्श्वभूमीवर सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या पीठाने २२ एप्रिल १९४३ रोजी नियम २६ कायद्याने दिलेल्या अधिकाराबाहेर जातो म्हणून तो अवैध ठरवला. युद्ध ऐन भरात असताना, निवृत्ती तोंडावर आलेल्या इंग्रज सरन्यायाधीशाने हे करावे, याचे मला आजही कौतुक वाटते. २८ एप्रिलला व्हाइसरॉयने अध्यादेश काढून मूळ कायद्याचीच भाषा पूर्वलक्षी प्रभावाने बदलली, आणि निकाल निष्प्रभ झाला.

मात्र प्रश्न मिटला नाही. त्याच वर्षी बंगालमधील शिवनाथ बॅनर्जी व इतरांच्या प्रकरणात असे उघड झाले की पोलिसांची शिफारस आली की आदेश ठरावीक साच्यात निघत, आणि ज्याची खात्री पटायला हवी त्याने कागद पाहिलेलेही नसत. म्हणजे न्यायालयाला खात्रीचा खरेपणा तपासता आला नाही, तरी ती मुळात झाली होती का, एवढे विचारता आले. १९४४ च्या अध्यादेशाने स्थानबद्धाला कारणे कळवणे आणि त्याला निवेदन करू देणे बंधनकारक केले. १९४५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे भारतातील खटल्यांच्या शेवटच्या अपील न्यायालयाने, तळपदे निकाल चुकीचा ठरवला, नियम २६ पहिल्यापासून वैध होता असे सांगितले, आणि त्याच निकालपत्रात बंगालमधील ते यांत्रिक आदेश मात्र रद्दच ठेवले.